लेस्टरहून एका दिवसात लंडन: हिज मॅजेस्टीज थिएटर आणि 'फँटम ऑफ द ऑपेरा'

मिरजेचा_तंबोरा

आई-बाबा सांगलीहून आलेत उन्हाळ्यापुरते. राजवाडा, पूल, मोठा पाळणा, मेणाचे पुतळे हे सगळं मागच्या खेपेला उरकलेलं, म्हणून या वेळी बाबांनाच विचारलं काय बघायचंय, तर म्हणाले नाटक दाखव, गाण्याचं. आता सांगलीच्या माणसाला, ते पण भावे नाट्यमंदिराच्या खुर्च्या झिजवलेल्या माणसाला इंग्रजी संगीत नाटक दाखवायचं म्हणजे जोखीमच. 'लायन किंग' नको म्हणाले, प्राणी नकोत मला. शेवटी 'फँटम' ठरलं, त्याचं मुख्य कारण नाटक नव्हे तर थिएटर. मला ती इमारत आतून बघायची होती आणि शनिवारी अडीचचा खेळ असतो, म्हणजे सकाळी निघून रात्री घरी.

लेस्टरहून सेंट पँक्रस सव्वा तासाच्या आत येतं. तिथूनच खाली पिकॅडिली लाइन, न बदलता पिकॅडिली सर्कस, आणि बाहेर पडून उताराला लागलं की हेमार्केट. चालायचं म्हटलं तर पाच मिनिटं, आईच्या गुडघ्याने दहा. गाडीची तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात, शिवाय दोघांनी मिळून घ्यायचं रेलकार्ड असेल तर एक तृतीयांश कमी होतात, शनिवार-रविवारी वेळेचं बंधन पण नाही.

हेमार्केटवर समोरासमोर दोन थिएटरं आहेत. डावीकडे सहा खांबांचं थिएटर रॉयल, ते १८२१ चं, जॉन नॅशचं. आणि उजव्या हाताला आपलं, वर भला मोठा घुमट असलेलं. ही इमारत १८९७ ची, हर्बर्ट बीअरबोम ट्री नावाच्या नटाने उभी केली, फिप्स म्हणून आर्किटेक्ट होता. हा ट्री मालक, मॅनेजर, नट सगळं एकटाच आणि तो घुमट आहे ना त्याच्यात स्वतःसाठी राहायची जागा आणि मेजवान्यांचा हॉल करून घेतलेला! हे ऐकल्यावर बाबा रस्त्यातच थांबले आणि वर बघत म्हणाले, आपल्याकडं मालक कर्जात असायचा आणि बिऱ्हाड रंगपटात.

१९०४ साली नट घडवायची शाळा पण ट्रीने इथेच काढली, तीच पुढे 'राडा' (रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट) म्हणून जगभर प्रसिद्ध झाली.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतं की हॉल मोठा नाही. बाराशेच्या आसपास खुर्च्या, पण चार मजल्यांत रचल्यात त्यामुळे सगळं अंगावर येतं. खाली स्टॉल्स, मग रॉयल सर्कल, ग्रँड सर्कल आणि पार वर बाल्कनी. लाल मखमल, सोनेरी नक्षी, बाजूला बॉक्स. आणि नाटक पण एका ऑपेराच्या थिएटरातच घडतं, पॅरिसच्या; तिथल्या तळघरात लपून राहणारा मुखवटेवाला फँटम आणि त्याचा जीव जडलेली गायिका क्रिस्टीन यांची गोष्ट. म्हणजे आपण बसलोय ते थिएटर आणि स्टेजवरचं थिएटर यातली रेघ पुसली जाते, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हे नाटक बघायचं तर या वास्तूत बघा, नाहीतर निम्मंच बघितलं.

सुरुवातीला स्टेजवर जुन्या सामानाचा लिलाव चाललेला असतो. सगळीकडे धुळकट कापडं. एका गाठोड्याचा पुकारा होतो, कापड उडतं, खाली झुंबर, ऑर्गन दणाणतो आणि ते झुंबर पेटून हलत डुलत आपल्या डोक्यावरून वर छताकडे जातं. आईने माझा हात धरला तो इंटरव्हलपर्यंत सोडला नाही. बाबांनी मात्र झुंबराकडे बघितलंच नाही, ते खाली पिटात, म्हणजे स्टेजपुढच्या वादकांच्या खड्ड्यात, कोण काय वाजवतंय ते मान वाकडी करकरून बघत होते.

इंटरव्हलला खाली उतरून थेट पिटाच्या कठड्यापाशी गेले. एक व्हायोलिनवाल्या बाई अजून आवरत होत्या, त्यांना बाबांनी आपल्या इंग्रजीत विचारलं एका दिवसात दोन खेळ वाजवता का. हो म्हणाल्या, बुधवारी आणि शनिवारी दोन-दोन. बाबांनी तिथल्या तिथे हात जोडले त्यांना. बाई पण जरा गोंधळून हात जोडून हसल्या.

कोणाला बेत करायचा असेल तर विचारा, जेवढं माहितीये तेवढं सांगतो.

पेठेतला_पक्या

छान लिहिलंय, बाबांचा तो रंगपटाचा डायलॉग भारी. पण एक विचारू का, राग नको. १९८६ पासून तेच नाटक, तेच कपडे, तेच झुंबर, रोज वर जातंय रोज खाली येतंय. हे नाटक आहे का म्युझियम? पर्यटक येतात, फोटो काढतात, टी-शर्ट घेतात. आपल्याकडे एखादं नाटक पाचशे प्रयोग चाललं तरी लोक म्हणतात आता पुरे, नवीन काढा.

नाट्यवेडी_गिरगाव

पक्या, अरे 'सौभद्र' १८८२ चं आहे, अजून लागतं, आणि आपण "पुरे" म्हणत नाही, आपण फक्त जात नाही. यात फरक आहे 😀

तंबोरा, मी हेच नाटक मुंबईत बघितलं, मार्च २०२५ मध्ये बीकेसीला अंबानींच्या कल्चरल सेंटरमध्ये आलं होतं महिनाभर. गाणारे तगडे होते, काही नावं ठेवण्यासारखं नव्हतं. पण तुम्ही म्हणता ते मला आत्ता वाचताना पटलं. ते थिएटर नवंकोरं, दोन हजार खुर्च्यांचं, एसी असा की शाल लागते, सगळं चकाचक. त्यात लिलावाचा सीन म्हणजे एखाद्या मॉलमध्ये जुनं फर्निचर मांडून ठेवल्यासारखा वाटला. झुंबर पडलं तेव्हा माझ्या शेजारचा मुलगा मोबाइलवर शूट करत होता आणि त्याच्या आईने त्याला "नीट धर" असं सांगितलं.

अबोली_रेडिंग

उपयुक्त धागा! दोन प्रश्न. १) तिकीट कुठलं घ्यावं? साइटवर भाव बघून डोळे पांढरे झाले. २) मुलगी सहा वर्षांची आहे, नेऊ का?

मिरजेचा_तंबोरा

अबोलीताई, आधी मुलीचं. मी तरी सहाव्या वर्षी नेणार नाही. धडाम आवाज आहेत, काळोख आहे, फाशीचा दोर आहे आणि तो मुखवटा काढतात तेव्हा मोठी माणसं पण दचकतात. अडीच तासांचं काम आहे इंटरव्हल धरून. आठ-नऊची होऊ दे.

तिकिटाचं असं की महाग म्हणजे चांगलं असं इथे नाहीये. स्टॉल्सच्या मागच्या रांगा रॉयल सर्कलच्या खाली जातात, डोक्यावर छत येतं आणि झुंबर वर गेलं की दिसतच नाही, म्हणजे पैसे मोजून मुख्य पात्र गायब. आम्ही ग्रँड सर्कलला पुढून बसलो होतो, तिथून झुंबर जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येतं आणि स्टेजच्या जमिनीतून मेणबत्त्या उगवतात तो नकाशा पण वरूनच कळतो. चेहरे लांब पडतात, दुर्बीण न्या घरून. बाल्कनी सगळ्यात स्वस्त पण जिने चढायची तयारी ठेवा आणि उंच जागेची भीती असेल तर अजिबात नको. आयत्या वेळी जायचं असेल तर लेस्टर स्क्वेअरमध्ये सवलतीच्या तिकिटांचं बूथ आहे तिथे बघा, पण शनिवारी त्याच्या भरवशावर रेडिंगहून निघू नका.

पिटातला_माणूस

मी वाजवणारा माणूस आहे (ऑर्गन, आपल्या संगीत नाटकांना, पोटापाण्याचा धंदा वेगळा), म्हणून पिटाबद्दल वाचून राहवलं नाही. तंबोरा, तुमच्या बाबांना एक सांगा. करोनाच्या आधी त्या पिटात २७ वादक असायचे. २०२० मध्ये बंद पडलं आणि जुलै २०२१ ला परत सुरू झालं तेव्हा १४ राहिले. बाकीचं कीबोर्डवर. वादकांच्या संघटनेने बराच आरडाओरडा केला, उपयोग शून्य. तिकिटाचे भाव मात्र निम्मे झाले नाहीत.

आणि शीर्षकगीत, ते नावेतून तळघरात जातात ते, त्याचा काही भाग आधीच रेकॉर्ड केलेला असतो. हे गुपित वगैरे नाही, जाणकारांना माहीत असतं. पण संगीत नाटक म्हणून मिरवायचं तर मला हे खटकतं बुवा. गंधर्व मंडळीत तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष, आणि एक ऑर्गन. एवढ्या तिघांवर रात्र निघायची, माइक नाही काही नाही, आणि वन्समोअर पडला की परत पहिल्यापासून वेगळ्या ताना. तिथे काय, दिव्यांचे क्यू ठरलेले, झुंबर ठरलेलं, नटाने एक मात्रा जास्त घेतली तर बिचारा नावेतून पडायचा.

पेठेतला_पक्या

+१ पिटातले काका. हेच म्हणायचं होतं मला, शब्द सापडत नव्हते. म्युझियम.

नाट्यवेडी_गिरगाव

काका, ते सगळं खरं, पण त्या वन्समोअरांपायी नाटक पहाटेपर्यंत चालायचं आणि सुभद्रेचं हरण व्हायच्या आधी निम्मे लोक घोरायचे हे पण सांगा ना. माझे आजोबा सांगायचे की ते पदं ऐकायला जागे व्हायचे आणि गद्याला झोपायचे. त्याला नाटक बघणं म्हणत नाहीत, ती मैफल झाली.

पिटातला_माणूस

मैफल तर मैफल. वाईट काय त्यात.

दप्तरदार

इतिहासाची आवड म्हणून थोडी भर घालतो, जरा अवांतर होईल.

तंबोरा यांनी १८९७ ची इमारत सांगितली ती बरोबर, पण त्या जागेवरचं ते चौथं थिएटर आहे. पहिलं १७०५ चं, व्हॅनब्रूने बांधलेलं, तेव्हा ॲन राणी होती म्हणून क्वीन्स थिएटर. हँडलचा 'रिनाल्डो' हा ऑपेरा १७११ ला तिथेच पहिल्यांदा झाला, म्हणजे ऑपेराशी या जागेचं नातं तीनशे वर्षांच्या वरचं आहे, 'फँटम' उगाच तिथे जाऊन बसलेलं नाही. ते पहिलं थिएटर १७८९ ला जळालं. दुसरं १८६७ ला जळालं. तिसरं जळायच्या आधीच १८९२ ला पाडलं. गादीवर राजा की राणी त्यावर पाटी बदलत जाते: १९५२ पासून एलिझाबेथ राणीमुळे हर मॅजेस्टीज होतं आणि चार्ल्सच्या राज्याभिषेकानंतर, २०२३ ला परत हिज मॅजेस्टीज झालं.

दुसऱ्या थिएटरचा एक तुकडा मात्र वाचलाय आणि तो बहुतेक कुणी बघत नाही. थिएटरच्या मागच्या अंगाला रॉयल ऑपेरा आर्केड म्हणून एक बोळ आहे, छताला गोल झरोके, बाजूने वळणदार काचेची दुकानं, १८१६ ते १८ च्या दरम्यानचा. नॅश आणि रेप्टनचं काम. लंडनमधला सगळ्यात जुना छत असलेला बाजार म्हणजे तोच. इंटरव्हलमध्ये नाही जमणार, आधी जा.

आणि शेजारी ती उंच काचेची न्यूझीलंड हाउसची इमारत आहे ना, तिच्या जागी आधी कार्लटन हॉटेल होतं, त्या हॉटेलात १९१३ ला हो चि मिन्ह कामाला होता! भिंतीवर निळी पाटी आहे.

खटाववाडीची_मावशी

हो चि मिन्ह काय, हँडल काय, कुणी खायचं बोलेना. इंटरव्हलला काय मिळतं ते सांगा. शिवाजी मंदिरचा बटाटेवडा आणि यशवंतचा चहा याच्याशिवाय मला नाटक पचत नाही.

मिरजेचा_तंबोरा

मावशी, आइस्क्रीमचा एवढुसा डबा, त्याच्या झाकणातच चमचा. वाईन मिळते. चहा मिळाला पण त्याला चहा म्हणायचं धाडस आईला झालं नाही. आम्ही धपाटे आणि दही-चटणी घेऊन गेलो होतो, ते दुपारी सेंट जेम्स पार्कात बाकावर बसून खाल्ले. थिएटरपासून खाली चालत गेलं की लगेच पार्क. बदकं अंगावर येतात.

पक्या, म्युझियमवरून सांगतो. मला पण जाताना तसंच वाटत होतं. पण एक लक्षात घे, सेटचं डिझाइन १९८६ चं आहे, माणसं रोजची आहेत. आमच्या खेळाला क्रिस्टीनचं काम बदली मुलीने केलं, दारात चिठ्ठी लावलेली, आणि पहिलं मोठं गाणं जिथे कथेतही क्रिस्टीन आयत्या वेळची बदली म्हणूनच उभी राहते, तिथे ती खरोखरच बदली होती. सुरुवातीच्या दोन ओळी आवाज कापत होता, तो अभिनय होता की खरंच, मला सांगता येणार नाही. मग ती उघडली आणि शेवटची जागा घेतली तेव्हा पुढच्या रांगेतला एक दणकट म्हातारा गोरा डोळे पुसत होता. बाबा मांडीवर ताल धरून बसलेले, जागा आल्यावर तोंडातून "व्वा" निघालं, चांगलं मोठ्याने. आजूबाजूच्या चार माना वळल्या. बाबांना त्याचं काही नाही, म्हणे दाद द्यायला काय परवानगी काढायची.

आणि पिटातले काका, २७ चे १४ हे बाबांना सांगितलं. दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, तरीच सेकंड हाफला तंतुवाद्यं पातळ लागत होती. मला तर काही कळलं नव्हतं.

पिटातला_माणूस

बाबांना नमस्कार सांगा. कान आहे त्यांना.

दप्तरदार

त्या नावेच्या प्रवेशाबद्दल राहिलं. स्टेजच्या खाली व्हिक्टोरियन काळातली लाकडी यंत्रणा, चरखे, दोर, सरकते भाग तशीच पडून होती. १९८६ ला नेपथ्यकार मारिया ब्यॉर्नसन यांनी ती बघितली आणि तळ्याच्या प्रवेशासाठी वापरून घेतली, धुक्यातून आणि मेणबत्त्यांतून नाव तरंगत जाते तो. म्हणजे तंबोरा म्हणतात ते नुसतं वातावरणापुरतं नाही. हे नेपथ्य त्या वास्तूच्या पोटातून निघालंय, ते बीकेसीला किंवा कुठेही नेलं की त्याची नक्कल होणार, कितीही पैसे ओता.

झुंबराला पण खरा आधार आहे. पॅरिसच्या गार्निए ऑपेरात १८९६ ला झुंबराचं वजन तोलणारं लोखंडी वजन खाली पडलं आणि एक बाई गेली. खाली पाण्याचं टाकं पण खरंच आहे. ज्याच्या कादंबरीवरून हे नाटक आलं तो गॅस्तों लरू पत्रकार होता, त्याने दोन्ही उचलून त्या कादंबरीत घातलं.

नाट्यवेडी_गिरगाव

हे वाचून मला आपल्या ऑपेरा हाउसची आठवण झाली. चर्नी रोडचं. तिथे बालगंधर्व आणि दीनानाथ उभे राहिलेत. १९९३ ला बंद पडलं, २०१६ ला नीट दुरुस्त होऊन उघडलं, आत गेलं की घुमटाखाली मान वर करून बघत राहावं असं काम केलंय. बॉक्स आहेत, सोनेरी नक्षी आहे, सगळं आहे. मग तिथे एखादं आपलं संगीत नाटक कायमचं का नाही लावत कोणी? दर शनिवारी-रविवारी, वर्षानुवर्षं. पर्यटक येतील, गुजराती येतील, आपण पण येऊ. इमारत आहे, नाटकं आहेत. लंडनवाल्यांनी एवढंच तर केलंय.

पेठेतला_पक्या

ताई, आता तुम्हीच म्युझियम काढायला निघालात 😛

पण खरं सांगू, कल्पना वाईट नाही. फक्त तिकीट किती ठेवणार? पाचशेच्या वर गेलं की आपला माणूस म्हणतो यूट्यूबवर आहे की. आणि बाराशे खुर्च्या आठवड्याला आठ खेळ भरायला लंडनसारखी पर्यटकांची रांग लागते, ती चर्नी रोडला कुठून आणायची.

रंकाळ्यावरची_भेळ

कोल्हापूरकर म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. आमचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ ला उभं केलं, तेव्हा पॅलेस थिएटर म्हणायचे. ऑगस्ट २०२४ ला रात्री जळालं, ते पण केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आम्ही सगळे खासबागेच्या रस्त्यावर उभं राहून बघत होतो, पोरं-म्हातारी सगळी रडत होती. दप्तरदार, तुम्ही "१७८९ ला जळालं, १८६७ ला जळालं" असं एका ओळीत लिहिलंत ना, तिथे जरा थांबलो मी. तिथे जळालं की परत त्याच जागेवर उभं केलं, इतकंच घेतो त्यातून. आमच्याकडे पण काम चाललंय. उघडलं की पहिल्या 'मानापमान'ला तंबोरांच्या बाबांना घेऊन या, सांगली काय लांब नाही, तासाभराचं काम. गाडी मी पाठवतो.

मिरजेचा_तंबोरा

भेळभाऊ, बाबांना वाचून दाखवलं. तारीख विचारतायत. ते भारतात परतल्यावर मी तुमचा नंबर विपूतून (इथल्या विचारपुशीतून) घेईन, आता माघार नाही.

अबोली_रेडिंग

मी ग्रँड सर्कलची दोन काढली, नवरा आणि मी, लेकीला मैत्रिणीकडे सोडणार. बुधवारच्या दुपारचं मिळालं, शनिवारपेक्षा बरंच स्वस्त. आर्केड आणि निळी पाटी बघून मग आत जाणार. पण नवऱ्याचा प्रश्न आहे: खेळ पाचला संपला तर रेडिंगच्या परतीच्या गर्दीच्या गाड्यांवर सवलतीचं तिकीट चालेल का? कोणाला अनुभव?

खटाववाडीची_मावशी

नाही चाललं तर सातपर्यंत थांबा गं आणि चायनाटाउनला जेवून घ्या, तिथून चालत आहे. उपाशीपोटी गाडी पकडू नये.

मिरजेचा_तंबोरा

मावशींचं ऐका. आणि तिकीट काढताना त्यावर ऑफ-पीकची वेळ काय लिहिलीये ते बघा, लंडनहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या गाड्यांना काही तिकिटांवर बंदी असते, प्रत्येक मार्गाचं वेगळं. लेस्टरच्या लाइनचं मला माहितीये, रेडिंगचं तिथल्याच कोणीतरी सांगा.